पगाराची तारीख अठ्ठावीस

ममी, पिरॅमिड आणि सोन्याचे मुखवटे जरा बाजूला ठेवा. प्राचीन इजिप्तची खरी गंमत एका अरुंद गल्लीत आहे. तिथल्या मस्टरमध्ये, उधारीत आणि तुंबलेल्या पगारात!

महिन्याचा शेवटचा आठवडा. ऑफिसात सगळ्यांचे डोळे कॉम्प्युटरवर आणि कान मोबाइलकडे. पगार जमा झाल्याचा मेसेज आला की चेहरे कसे खुलतात! मी पडले फ्रीलान्सर. आम्हाला कुठलीच तारीख पक्की नाही. मध्यंतरी एका क्लायंटकडे माझे तीन महिन्यांचे पैसे अडकले होते. फोन केला की ठरलेलं उत्तर, "मॅडम, फाइल अकाउंट्सला गेलीय." ती फाइल अजूनही कुठेतरी चालतेच आहे, असा मला दाट संशय आहे.

नेमकी त्याच दिवसांत, आधीच पैसे भरून ठेवलेली इजिप्तची ट्रिप आली. लक्झरला, नाइलच्या पश्चिम काठावर, आमच्या ग्रुपला एकच घाई होती. तुतनखामुनचं थडगं बघायचं आणि फोटो काढायचे. वाटेत बस एका उजाड दरीत थांबली. ना झाड, ना पाणी. उतारावर कमरेएवढ्या भिंतींची रांग, मधून एक गल्ली. जागेचं नाव देर अल-मदीना. अर्धी मंडळी बसमधून उतरलीच नाहीत. मी उतरले, आणि गाइडचं पहिलंच वाक्य कानावर पडलं. इथल्या लोकांचा पगार महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला व्हायचा आणि एका वर्षी तो झाला नाही.

मग काय, ट्रिपचा उरलेला वेळ आणि परत आल्यावरचे कित्येक वीकेंड मी याच गल्लीत घालवले. पुस्तकांतून!

एक गल्ली, अडुसष्ट घरं

आधी एक गैरसमज दूर करू. ही माणसं पिरॅमिड बांधणारी नव्हेत. गिझाचे पिरॅमिड इ.स.पू. २५०० च्या आसपासचे. आपली गोष्ट त्यानंतर हजारेक वर्षांनी सुरू होते. तोवर राजांनी पिरॅमिडचा नाद सोडला होता. एवढा मोठा पिरॅमिड बांधायचा म्हणजे चोरांना पत्ता देण्यासारखंच! त्याऐवजी डोंगराच्या पोटात, आज ज्याला 'राजांची दरी' म्हणतात तिथे, थडगी कोरायला सुरुवात झाली. ती कोरणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांसाठी सरकारने वसवलेली कॉलनी म्हणजे देर अल-मदीना. इ.स.पू. १५०० च्या सुमारास वसलेलं हे गाव चारशेहून अधिक वर्षं नांदतं होतं.

शेवटच्या टप्प्यात कुंपणाच्या आत साधारण ६८ घरं होती. एकेक घर सरासरी ७० चौरस मीटरचं, म्हणजे साडेसातशे स्क्वेअर फूट. पुढे देवघरासारखी खोली, मग बैठकीची खोली, मागे झोपायची जागा आणि स्वयंपाकघर. वर गच्ची. भिंतीला भिंत लागून. शेजारी काय शिजतंय ते नाकाला आणि काय बिनसलंय ते कानाला कळणारच. चाळ म्हणा ना!

गावात विहीर नव्हती. पाणी गाढवांवर लादून खालून यायचं. पाणके, लाकूडतोडे, कोळी, माळी, कुंभार आणि परीट असा मदतनीसांचा वेगळा ताफा सरकारने नेमला होता. परटाला वाचता येत नसेल म्हणून खापरावर चक्क कपड्यांची चित्रं काढून यादी द्यायचे. लंगोट इतके, अंगरखे इतके!

हो, खापरावर. या गावाची सगळी जादू या खापरांत आहे. पपायरसचा कागद महाग. त्यामुळे रोजच्या नोंदी फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर किंवा चुनखडीच्या चपट्या दगडावर लिहायच्या आणि काम झालं की फेकून द्यायच्या. कारागिरांच्या या गावात लिहिता-वाचता येणाऱ्यांचं प्रमाणही मोठं होतं. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बर्नार ब्रुयेर यांनी १९२२ ते १९५१ या काळात इथे उत्खनन केलं. गावाजवळ पाण्यासाठी खणलेला, पन्नासेक मीटर खोल असा एक खड्डा होता. पाणी काही लागलं नव्हतं. पण त्यात सापडले सुमारे पाच हजार लिहिलेले तुकडे! ते वाचणारा गडी होता यारोस्लाव चेर्नी, चेकोस्लोव्हाकियाचा. तरुणपणी प्राग शहरातल्या बँकेत नोकरी करत त्याने इजिप्तच्या लिपीचा अभ्यास केला होता. दिवसभर बँकेची खाती आणि उरलेल्या वेळात तीन हजार वर्षांपूर्वीची!

मस्टरवर लाल शाई

आता येऊ ऑफिसकडे. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा. आठ दिवस काम, नववा आणि दहावा सुट्टी. कामाच्या दिवसांत कारागीर डोंगरावरच्या दगडी झोपड्यांत मुक्काम करायचे आणि सुट्टीला घरी यायचे. सणवार वेगळेच. पहिला आमेनहोतेप हा राजा या गावाचा ग्रामदेव झाला होता. त्याच्या उत्सवात अख्खी टोळी बायकामुलांसह सलग चार दिवस खात-पीत बसल्याची नोंद आहे.

कारागिरांच्या टोळीचे दोन भाग, 'उजवी बाजू' आणि 'डावी बाजू'. जहाजावरच्या खलाशांसारखे. प्रत्येक बाजूला एक मुकादम आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक लेखनिक. तांब्याच्या छिन्न्या सरकारी मालकीच्या. देताना वजन करून द्यायच्या, झिजून परत आल्या की पुन्हा वजन. आत अंधारात लावायच्या दिव्यांच्या वातीसुद्धा मोजून! स्टेशनरीसाठी सही करताना आपण कुरकुरतो, त्यांचं काय झालं असेल?

पण मला सगळ्यात भावला तो ब्रिटिश म्युझियममध्ये ठेवलेला एक दगड. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या ४० व्या वर्षाचं, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या आसपासचं हे हजेरीपट. चाळीस कारागिरांची नावं, २८० दिवसांच्या नोंदी. काळ्या शाईत तारखा आणि त्यांच्या वर लाल शाईत खाड्याचं कारण. सेबाला विंचू चावला. हुयनेफरचे डोळे आलेत. वाजमोसे घर बांधतोय. कुणी भावाच्या प्रेताला मसाले भरण्यात गुंतलाय, कुणी देवाला नैवेद्य दाखवतोय. बरेच जण बिअर गाळण्यासाठी घरी थांबलेत. बिअर हे तिथलं रोजचं पेय. त्यामुळे हे कारण साहेबाला सांगताना लाजायची गरज नव्हती. बायकोची किंवा मुलीची पाळी हे पुरुषाच्या खाड्याचं कारण म्हणून व्यवस्थित नोंदवलंय. आणि पेंदुआच्या नावापुढे काय आहे माहितेय? तो खोन्सूबरोबर प्यायला बसला होता! 'तब्येत बरी नाही' असा एसेमेस टाकून मॅच बघायला गेलेल्या आपल्यासारख्या पाप्यांनी या प्रामाणिकपणाला हात जोडावेत.

हसता हसता एक नोंद खटकते. 'साहेबाच्या कामाला गेला.' म्हणजे मुकादमाच्या खासगी कामाला. हे इतकं सर्रास होतं की मस्टरमध्ये त्याचा रकाना असावा तसं ते येतं. यातूनच पुढे पनेब नावाचा मुकादम निपजला. वजिराला पाच नोकर लाच म्हणून देऊन त्याने पद मिळवलं, टोळीतल्या माणसांना स्वतःच्या थडग्याच्या कामाला जुंपलं, स्वतःच्या बैलाला चारा घालायला लावलं, असे आरोपांवर आरोप एका पपायरसवर लिहिलेले आहेत. लिहिणारा अमेननख्ते म्हणजे आधीच्या मुकादमाचा मुलगा. खुर्ची आपली होती, ही त्याची खंत. त्यामुळे थोडं मीठमसाला धरून चाला. तरीही, बॉसविरुद्ध लेखी तक्रार करता येते, ही समज गावात होती हे महत्त्वाचं.

नाणं नाही, पण भाव आहे

या काळात इजिप्तमध्ये नाणं नव्हतं. मग पगार कसा? धान्यात. साध्या कारागिराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं जव. मुकादमाला थोडं जास्त. एक पोतं, त्यांच्या भाषेत 'खार', म्हणजे सुमारे ७७ लिटरचं माप. गहू भाकरीसाठी, जव बिअरसाठी. हा गहू कुठला? आपली खपली! सांगली-साताऱ्याकडे पिकणारी आणि हल्ली हेल्थ फूडच्या दुकानात महाग मिळणारी खपली हाच रामसेसच्या काळातला पगार होता. आपल्याकडे बलुतेदाराला सुगीला धान्य मिळायचं, तसंच हे. फक्त इथे बलुतं देणारा शेतकरी नव्हता, खुद्द सरकार होतं आणि ते दर महिन्याला द्यायचं होतं. पुढच्या महिन्याचं धान्य आधीच्या महिन्याच्या २८ तारखेला. त्यांचा प्रत्येक महिना ३० दिवसांचा, त्यामुळे फेब्रुवारीची भानगड नाही.

घरात माणसं कमी असली की धान्य उरायचं. ते बाजारात चालायचं. व्यवहार वस्तूंचा, पण भाव ठरलेला. हिशोबाचं एकक 'देबेन', म्हणजे सुमारे ९१ ग्रॅम तांबं. तांबं हातात असायलाच हवं असं नाही. दोघांनी वस्तूंची किंमत देबेनमध्ये मांडायची आणि बेरीज जुळली की सौदा पक्का. एका पोलिसाने ५० देबेनचा बैल घेतला. त्यासाठी त्याने काय दिलं? ३० देबेनचं चरबीचं मडकं, १० देबेनचे दोन अंगरखे आणि उरलेल्या रकमेचं भंगार तांबं आणि तेल. क्रेडिट कार्ड नाही, सुटे पैसे नाहीत आणि तरी व्यवहार चोख!

*चौकट : खिशाला परवडेल?*
*महिन्याचा पगार : साडेपाच पोती धान्य, साधारण ११ देबेन*
*चपलांचा जोड : १ ते २ देबेन*
*साधा अंगरखा : ५ देबेन*
*गाढव : २५ ते ४० देबेन*
*साधी शवपेटी : २० ते ४० देबेन*

चौकटीतली शेवटची ओळ पुन्हा वाचा. मरण महाग होतं! पण हीच या गावाची साइड इन्कम. राजाचं थडगं रंगवणारा हात सुट्टीच्या दिवशी खासगी गिऱ्हाइकांसाठी शवपेट्या, पलंग, मूर्ती बनवायचा. ऑफिस सुटल्यावर वेबसाइट डिझाइन करून देणाऱ्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आमचा धंदा तीन हजार वर्षं जुना?" असेलही.

पोलिस साहेबांची उधारी

जिथे बाजार तिथे उधारी आलीच. मेन्ना नावाच्या कारागिराने एक चरबीचं मडकं पोलिसप्रमुख मंतमोसेला विकलं. बदल्यात जव द्यायचं ठरलं. साहेबांनी जामीनही सांगितला, देवाची शपथही घेतली. जव काही आलं नाही. मेन्नाने तीनदा गावच्या न्यायसभेत दाद मागितली. आणि हे प्रकरण एका दगडावर लिहिलं गेलं तेव्हा मूळ सौद्याला १८ वर्षं झाली होती! मधल्या काळात राजासुद्धा बदलला.

न्यायसभा म्हणजे 'केनबेत'. मुकादम, लेखनिक आणि गावातले जाणते लोक बसायचे. तिथे सुटलं नाही तर कौल! पहिल्या आमेनहोतेपची मूर्ती खांद्यावर घेऊन निघायची. प्रश्न विचारायचा. मूर्ती पुढे झुकली तर 'हो', मागे सरली तर 'नाही'. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

याच न्यायसभेपुढे पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी, इ.स.पू. ११४५ च्या सुमारास, नाउनख्ते नावाची एक म्हातारी उभी राहिली. आठ मुलं वाढवलेली, दोन संसार केलेली बाई. तिने आपलं मृत्युपत्र नोंदवलं. म्हातारपणी ज्यांनी माझा हात धरला त्यांना माझ्या वाट्यातलं मिळेल, ज्यांनी पाठ फिरवली त्यांना नाही, असा त्याचा मतलब. बाईच्या नावावर मालमत्ता असते, तिचं काय करायचं ते तीच ठरवते आणि गावातले लोक तिच्या बाजूने साक्षीला उभे राहतात, हे तेव्हा तिथे कुणाला नवलाचं वाटत नव्हतं. नीट सांभाळ करणाऱ्या एका मुलाला तिने वाट्याशिवाय काशाचं एक भांडं जादा दिलं. काशाचं भांडं आणि आईचा शब्द. आपल्या घरांतही वाटण्या यावरूनच अडतात ना?

सरकार म्हणजे कोठार

आता जरा वर बघू. या सगळ्याच्या शेंड्याला फॅरो. तो राजाही आणि देवही. त्याच्या खाली वजीर, म्हणजे आजच्या भाषेत मुख्य सचिव, मुख्य न्यायाधीश आणि एचआर हेड एकत्र. कारागिरांची टोळी थेट वजिराच्या अखत्यारीत. राजाचं थडगं हा काही साधा प्रोजेक्ट नव्हता! वजिराखाली कोठारांचे अधिकारी, शहरांचे नगराध्यक्ष, देवळांचे पुजारी आणि पावलोपावली लेखनिक.

ही यंत्रणा चालायची कशावर? नाइलच्या पुरावर. पूर नीट आला की पीक नीट. शेतं दोरीने मोजायची, खळ्यावर धान्य मापायचं, नोंद करायची, होड्यांत भरायचं आणि सरकारी कोठारांत आणि देवळांच्या गोदामांत आणायचं. लक्झरच्या रामसेसियम देवळामागे कच्च्या विटांच्या कमानी असलेली गोदामं आजही उभी आहेत. पर्यटक देवळाचे फोटो काढतात. माझ्या मते फोटो या गोदामांचा काढायला हवा. इजिप्तची रिझर्व्ह बँक होती ती!

परदेशी व्यापारही बड्या प्रमाणात सरकारच्याच हाती. लेबनॉनचं देवदाराचं लाकूड, नुबियाचं सोनं, पुंत देशाची ऊद-धुपाची जहाजं. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचा पाढा वाचणारा एक पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, लांबी चाळीस मीटरहून अधिक. त्यात पुंतला गेलेली जहाजं आहेत, अतिका नावाच्या खाणीतून आलेलं तांबं आहे, देवळांना दिलेल्या दानांच्या याद्याच याद्या आहेत.

आणि याच तिसऱ्या रामसेसच्या राज्यात, डोंगराखालच्या एका गल्लीत, महिन्याची साडेपाच पोती पोहोचत नव्हती.

"आम्ही भुकेलो आहोत"

कारकिर्दीचं २९ वं वर्ष, इ.स.पू. ११५७ च्या आसपास. पाऊलखुणा आधीच दिसत होत्या. पूरकाळाच्या दुसऱ्या महिन्यात, २१ तारखेला, लेखनिक अमेननख्तेने टोळीला जाहीर सांगितलं की महिन्याचे वीस दिवस उलटले आणि धान्य आलेलं नाही. (हा अमेननख्ते वेगळा. त्या तक्रारखोर मुकादमपुत्रानंतरचा.) तो स्वतः होरेमहेबच्या देवळात गेला, खटपट केली आणि ४६ पोती मिळवून आणली. आपल्यातलाच एखादा टीम लीडर अकाउंट्सच्या दारात जाऊन बसतो, तसा.

पण हे किती दिवस चालणार? हिवाळ्याच्या दुसऱ्या महिन्यात, १० तारखेला, टोळीने हत्यारं खाली ठेवली. गावाच्या वाटेवरच्या पाच भिंती, म्हणजे चौक्या, ओलांडून ते निघाले आणि तिसऱ्या थुतमोसच्या देवळामागे ठिय्या देऊन बसले. आम्ही भुकेलो आहोत, एवढंच म्हणणं. मुकादम आले, अधिकारी आले. परत चला म्हणून ओरडले, शपथा घेऊन आश्वासनं दिली. कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी ते रामसेसियमच्या दाराशी गेले, तिसऱ्या दिवशी आत. जागा बघा कुठली निवडली! धान्याच्या गोदामाचं दार. तहान आणि भूक आम्हाला इथे घेऊन आली, असं त्यांनी तिथे सांगितलं. अंगावर कपडा नाही, चरबी नाही, मासे नाहीत, भाजी नाही. फॅरोला लिहा, वजिराला लिहा. त्या दिवशी आधीच्या महिन्याचं थकलेलं धान्य हातात पडलं आणि काही दिवसांनी चालू महिन्याचंही.

जगाच्या इतिहासात नोंद असलेला हा पहिला संप मानला जातो. त्याची दिवसागणिक नोंद करणारा पपायरस इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे. बहुतेक अमेननख्तेच्याच हातचा.

या गोष्टीत एक ओळखीचा माणूस भेटतो. पोलिसप्रमुख मंतमोसे! नाव तेच, हुद्दा तोच. हे मडक्याचे पैसे बुडवणारे साहेब इथे चक्क संपकऱ्यांना म्हणतात, घरांना कुलपं लावा, बायकामुलांना घ्या, मी पुढे चालतो, सगळे मिळून सेतीच्या देवळात जाऊन बसू. माणूस एका बाजूने रंगवून होत नाही, हेच खरं.

धान्य मिळालं, पण प्रकरण मिटलं नाही. पुढच्या महिन्यात टोळी पुन्हा बाहेर पडली आणि या वेळी त्यांनी जे सांगितलं त्यावर मी वाचताना थांबले. आम्ही फक्त भुकेपोटी भिंती ओलांडलेल्या नाहीत, आमचा आरोप आहे, फॅरोच्या या जागी दुष्कृत्य घडलंय. अशा अर्थाचे शब्द आहेत ते. आधी पोटाची मागणी होती. आता त्यांनी बोट दाखवलं वरच्या लोकांकडे.

वजिराचं नाव होतं 'तो'. राजाच्या महोत्सवासाठी देवांच्या मूर्ती न्यायला तो त्या भागात आला होता. कारकिर्दीचं तिसावं वर्ष येत होतं, ज्युबिली जवळ आली होती. महोत्सवासाठी वेळ मिळाला, संपकऱ्यांना भेटायला नाही. त्याने निरोप धाडला. तुमच्याकडे आणायला काही नव्हतं म्हणून मी आलो नाही असं समजू नका, तुमचं धान्य काढून घेण्यासाठी मला वजीर केलंय का, कोठारांतच काही नाही, सापडलं तेवढं देतो. आणि दिलं अर्धंच धान्य. ही भाषा ओळखीची वाटते का? मला तर "फाइल अकाउंट्सला गेलीय" हेच वाक्य ऐकू आलं.

त्यानंतरच्या महिन्यात ते पुन्हा बाहेर पडले. मेरनेप्ताहच्या देवळामागे बसले असताना थेब्सचा नगराध्यक्ष तिथून चालला होता. त्याला त्यांनी हाका मारल्या. त्याने ५० पोती देवळाच्या साठ्यातून देवविली आणि त्याबद्दल आमोनच्या प्रमुख पुजाऱ्याने उलट त्याच्यावरच ठपका ठेवला. देवाचं धान्य माणसांना दिलं म्हणून!

खापरपणतू

पुढे काय झालं? संपकऱ्यांना कुणी कापून काढलं नाही. काम चालू राहिलं, उशिरा का होईना पगार येत राहिला. तिसऱ्या रामसेसचा मात्र काही वर्षांतच घात झाला. राजवाड्यातल्या कटाच्या खटल्याची कागदपत्रं उपलब्ध आहेत आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सीटी स्कॅनमध्ये त्याच्या ममीचा गळा चिरलेला आढळला. पुढच्या काही दशकांत धान्याचे भाव कित्येक पटींनी चढले. वाळवंटातून लुटारू येऊ लागले, थडग्यांतल्या चोऱ्या वाढल्या. त्यात चोरांना आतले रस्ते दाखवणारे काही जण याच गावचे निघाले. अखेर इ.स.पू. १०८० च्या सुमारास गाव सोडून मंडळी मेदिनेत हाबूच्या देवळाच्या मजबूत तटाआड राहायला गेली. तिसऱ्या रामसेसनेच बांधलेलं देऊळ ते.

अमेननख्तेच्या घरात मात्र लेखनिकाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं. मुलगा, नातू, पणतू आणि खापरपणतू बुतेहामुन. या बुतेहामुनच्या वाट्याला नवं थडगं कोरायचं काम आलंच नाही. राज्याची तिजोरी रिकामी होती. जुनी राजथडगी उघडायची, ममी बाहेर काढायच्या, पुन्हा नव्या कापडात गुंडाळून सुरक्षित जागी ठेवायच्या, असं काम आलं. त्यात अंगावरचं सोनंही सरकारजमा झालं. ज्या ममी त्याच्या देखरेखीखाली गुंडाळल्या गेल्या, त्यांतल्या एकीच्या कापडावर त्याचं नाव आजही वाचता येतं. ती ममी तिसऱ्या रामसेसची!

ज्या राजाने पणजोबाच्या बापाचा पगार थकवला, त्याचं प्रेत खापरपणतूने नीट, नियमाप्रमाणे गुंडाळलं. तारीख घातली, नाव लिहिलं. नोंद ठेवणं हेच तर या घराचं काम होतं. २०२१ मध्ये कैरोत २२ राजा-राण्यांची वाजतगाजत मिरवणूक काढून नव्या म्युझियममध्ये नेण्यात आलं, त्यात हा रामसेसही होता. टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिलं. कॅमेरे राजांवर होते.

मला आठवली ती गल्ली. तिथून निघताना सेनेजेमचं छोटंसं थडगं पाहिलं होतं. राजांसाठी राबणाऱ्या या कारागिराने सुट्टीच्या दिवसांत स्वतःसाठी रंगवलेलं, १८८६ मध्ये जसंच्या तसं सापडलेलं. भिंतीवर तो आणि त्याची बायको स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, हिरव्यागार शेतात पीक कापताहेत. दर महिन्याला धान्याची वाट पाहण्यात आयुष्य काढणाऱ्या माणसाचं स्वर्गाचं चित्र हे असं. स्वतःचं शेत, स्वतःचं धान्य, कुणाकडे मागायला नको.

परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल? त्या क्लायंटला पुन्हा फोन केला. "फाइल कुठे आहे?" असं या वेळी विचारलं नाही. कामाच्या तारखा, बिलाच्या तारखा आणि प्रत्येक फोनला मिळालेलं उत्तर असं सगळं एका कागदावर लिहून, सही करून, थेट त्यांच्या वरच्या साहेबांना पाठवलं. अमेननख्ते स्टाइल!

निम्मे पैसे आले. उरलेल्यांसाठी देऊळ शोधतेय.